पाणाड्या झाडं

झाकणं आधी दिसली ती आण्णांना.

त्या अपार्टमेंटात मी सात वर्षं राहत होते. रोज त्याच पार्किंगमधून गाडी काढत होते. पण डांबरात बसवलेली ती ताटलीएवढी गोल लोखंडी झाकणं माझ्या कधी नजरेत भरली नव्हती. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोलापूरहून येऊन चार दिवस झाले होते. पहाटे तीनला उठून बसायचे आणि उजाडलं की खाली चक्कर मारायला जायचे. चौथ्या दिवशी चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "एवढ्याशा आवारात सहा बोअर मारल्यात. एकालाबी पाणी न्हाई लागलं व्हय?"

"इथं कुठले बोअर, आण्णा?"

"झाकणं हायत की. बोल्ट आवळून बंद केल्यात."

खाली जाऊन पाहिलं. खरंच बोअर होते. फक्त पाणी काढायचे नव्हते, पाणी बघायचे होते.

आम्ही राहायचो ते कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये. मिडलफील्ड, एलिस आणि व्हिस्मन या तीन रस्त्यांच्या मधला तो तुकडा. त्यातल्या दोन नावांची लाइट रेलची स्टेशनं आहेत, म्हणून नावं तोंडपाठ होती. या तीन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून जमिनीखालच्या एका विषारी पाण्याला नाव पडलेलं आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. भाडेकरारासोबत एक कागद होता, त्यात सगळं लिहिलेलं होतं. मी त्यावर सही केलेली होती. वाचला नव्हता. इथं येणारी आपली मंडळी शाळेचं रेटिंग बघतात, ऑफिस किती मिनिटांवर ते बघतात, इंडियन स्टोअर बघतात. पायाखाली काय आहे ते कोण विचारतंय.

पायाखाली आहे ते असं. हा सगळा भाग एके काळी जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांचा. मग साठच्या दशकापासून इथं चिप बनवायचे कारखाने आले. फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन, सगळे याच परिसरात होते. सिलिकॉनच्या चकत्या आणि यंत्रांचे भाग धुवायला तेलकटपणा झटकन काढणारं एक द्रावण वापरायचे, ट्रायक्लोरोइथिलीन. सगळे त्याला टीसीई म्हणतात. वापरून झालेलं द्रावण जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे. टाक्या गळल्या, पाइप गळले. १९८१ च्या सुमारास शेजारच्या सॅन होजे शहरात एका कारखान्याच्या टाकीतलं द्रावण पिण्याच्या विहिरीपर्यंत पोचल्याचं उघड झालं. मग बाकीच्यांच्या टाक्या तपासायला घेतल्या, तर एकेक करत यादी वाढतच गेली. आज या एका सांता क्लारा काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यात म्हणा, सुपरफंडच्या, म्हणजे केंद्र सरकारनं सफाईसाठी नोंदवलेल्या विषारी जागांच्या यादीतल्या तेवीस जागा आहेत. अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. जगाला संगणक देणाऱ्या कारखान्यांना धुराडी नव्हती, म्हणून लोकांना ते स्वच्छ वाटले.

टीसीई पाण्यापेक्षा जड, जवळजवळ दीडपट. रॉकेल तरंगतं, हे बुडतं. झिरपत झिरपत भूजलाच्या तळाला जाऊन बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, असा अमेरिकेतला नियम आहे. हा आकडा वाचून काहीच बोध होईना, म्हणून कागदावर हिशेब मांडला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर टीसीईचा एक थेंब साडेचौदा हजार लिटर पाणी त्या मर्यादेवर नेऊन ठेवतो. उन्हाळ्यात गावात येतो तसला दहा हजारी टँकर, दीड टँकर. एका थेंबाला.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी थेंबाचं विचारलंच नाही. "मग कळलं कसं ह्यास्नी? वास मारतंय का?"

"एवढ्याशाला वास नाही येत. रंगही नाही."

"मग आपलं बरं," म्हणाले. "आपल्याला दिसलं तरी."

आपलं म्हणजे आमची विहीर. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी सात परस खणलेली. वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा कातळ, आणि कातळाच्या भेगेतून तीन झरे. पूर्वेचा झरा सगळ्यात गोड. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजायची, हे आईचं प्रमाणपत्र. मी कॉलेजात असताना ओढ्याच्या वरच्या अंगाला एका कारखान्यानं अल्कोहोलचा प्रकल्प काढला. त्याचं नाव इथं घेत नाही. तेव्हा घेऊन काही झालं नाही, आता घेऊन काय होणार. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पूर्वेच्या झऱ्यातून कोऱ्या चहासारखं पाणी यायला लागलं. मग वास. कुजक्या अंड्याचा. मोटार सुरू केली की थारोळ्यात फेस धरायचा.

गावात सगळे म्हणायचे, विहिरीला मळी लागली. आण्णा मात्र दर वेळी दुरुस्त करायचे. मळी निराळी, मळीचं पाणी निराळं. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, चिकट पाक. तो आंबवून अल्कोहोल काढतात आणि त्यानंतर जे उरतं ते मळीचं पाणी. कारखान्यातली माणसं त्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर निघतं. वर्तमानपत्रात 'मळीमिश्रित पाण्यानं मासे मेले' म्हणून दर वर्षी येतं, ते हेच.

आमच्या तक्रारीची गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही. अर्ज झाले, पाहणी झाली. पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिकच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून आण्णा एसटीनं तालुक्याला गेले. पंधरा दिवसांनी कागद आला. त्यावर खाली शिक्का होता, 'पिण्यास अयोग्य'. आण्णा म्हणाले, "एवढं तर म्हशीनंबी सांगितलं हुतं." म्हैस त्या पाण्याला तोंड लावत नव्हती.

पार्किंगमधल्या झाकणांचं पुढचं आण्णांनीच लावून धरलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला ऑफिसात फोन. "ये, झाकण उघडलंय."

मी आले तेव्हा एक तरुण तिथं बसला होता. निळे हातमोजे, शेजारी बर्फाचा डबा, आणि एक छोटा पंप. त्यानं झाकणाखाली एक बारीक नळी सोडली होती, आणि पाणी इतकं हळू येत होतं की आण्णांना वाटलं पंप बिघडलाय. बिघडला नव्हता. भराभर उपसलं तर गाळ ढवळतो आणि हवा मिसळते, म्हणून मुद्दाम हळू. पाणी एका यंत्रातून जात होतं आणि तो दर काही मिनिटांनी आकडे लिहीत होता. तापमान, आम्लता, क्षार, विरघळलेला ऑक्सिजन. आकडे हलायचे थांबेपर्यंत नमुना घ्यायचा नाही. आकडे स्थिर झाले म्हणजे नळीत साचलेलं जुनं पाणी गेलं आणि जमिनीतलं खरं पाणी यायला लागलं. आम्ही दोघं उन्हात उभे, तो बसलेला. कुणी बोलेना.

मग त्यानं करंगळीपेक्षा जरा मोठ्या, चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या काढल्या. एक कुपी काठोकाठ भरली, इतकी की पाणी तोंडावर फुगीर उभं राहिलं. त्यावर झाकण लावलं. कुपी उलटी केली, बोटानं टिचकी मारली आणि उजेडात धरून पाहिली. आत मोहरीएवढा बुडबुडा होता. त्यानं ती कुपी सरळ बाजूला ठेवली आणि दुसरी भरली.

आण्णांनी मला विचारायला लावलं, का टाकली. टीसीई उडून जाणारं आहे. बुडबुडा राहिला तर ते पाण्यातून बुडबुड्यात शिरतं, प्रयोगशाळेत कुपी उघडली की निघून जातं, आणि आकडा खोटाच कमी येतो.

"किती वर्सं चाललंय हे?" आण्णांनी विचारलं. तो म्हणाला, मी जन्मायच्या आधीपासून.

खरंच होतं ते. इथल्या सफाईचा आराखडा १९८९ मध्ये ठरला. सुरुवात उपशानं केली. आपल्याकडं विहिरीत काही पडलं की विहीर उपसतात, तेच मोठ्या प्रमाणावर. दूषित पाणी वर काढायचं, गाळायचं, सोडून द्यायचं. पहिली काही वर्षं आकडे झपझप उतरतात. मग अडून बसतात. कारण विष नुसतं वाळूतल्या पाण्यात नसतं, शेजारच्या चिकणमातीच्या थरांतही ते मुरलेलं असतं. माठात एकदा रॉकेल ठेवलं की तो कितीही धुवा, पाणी भरलं की दुसऱ्या दिवशी वास येतोच. मातीनं प्यायलेलं माती सावकाश परत देते. उपसा चालू असेपर्यंत विहीर बरी, थांबवला की पुन्हा तेच.

इथपर्यंतचं वाचन मी आण्णांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला केलं. पुढचं माझ्या नादानं.

१९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक जिवाणू वेगळा काढल्याचं जाहीर केलं. तो त्यांना सापडला इथाका गावच्या मैलापाणी केंद्रातल्या गाळात. नाव लांबलचक, डिहॅलोकॉक्सॉइडिस. आपण जसा ऑक्सिजनवर श्वास घेतो तसा हा क्लोरीन असलेल्या रसायनांवर घेतो. टीसीईला तीन क्लोरीन चिकटलेले असतात. हा एकेक उतरवत जातो. तिन्ही उतरले की उरतं इथिलीन, म्हणजे केळी पिकवायला वापरतात तोच वायू. ऑक्सिजन मात्र याला जराही सोसत नाही.

पण मधल्या पायरीवर एक गोम आहे. दोन क्लोरीन उतरले आणि एक राहिला की जे बनतं ते व्हिनाइल क्लोराइड. पीव्हीसीचे पाइप ज्यापासून करतात ते. हे टीसीईपेक्षा वाईट, माणसाला कॅन्सर करतं हे पक्कं ठाऊक असलेलं. जमिनीत योग्य जिवाणू नसला किंवा त्याचं खाणं संपलं, तर काम नेमकं तिथं किंवा त्याच्या एक पायरी अलीकडं अडकू शकतं. अर्धवट सफाई मूळ घाणीपेक्षा घातक. 'नैसर्गिक' हा शब्द ऐकला की माझ्या ओळखीतले बरेच लोक सैल पडतात, त्यांना मी ही पायरी आवर्जून सांगते.

आणि त्या जिवाणूचं खाणं काय? त्याला हायड्रोजन लागतो. तो थेट देणं अवघड, म्हणून जमिनीत असं काही सोडतात की इतर जिवाणू ते आंबवून हायड्रोजन तयार करतील आणि जाता जाता सगळा ऑक्सिजनही संपवून टाकतील. कुठं खाद्यतेल सोडतात, कुठं लॅक्टेट. आणि बऱ्याच ठिकाणी, नळ्या मारून, पाण्यात कालवून, मोलॅसिस.

मोलॅसिस म्हणजे मळी.

हे मी जेवताना सांगितलं. आण्णांचा घास हातात राहिला. "पैसं देऊन?"

"पैसे देऊन."

"हितल्या विहिरीत मळी पैसं देऊन घालत्यात," ते आईला म्हणाले, जणू मी तिथं नव्हतेच, "आन आमाला फुकट दिली तर आमी अर्ज करत हिंडलो."

आई हसली. मी नाही हसू शकले, कारण तेव्हाच माझ्या डोक्यात आमच्या विहिरीतल्या कुजक्या अंड्याच्या वासाचं कोडं सुटत होतं. गोड, कुजणारं काहीही भूजलात गेलं की जिवाणूंची पंगत बसते. पंगतीत आधी श्रीखंड संपतं, मग पुऱ्या, शेवटी नुसता भात. श्वासाला लागणाऱ्या वस्तूंचंही तसंच. आधी पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोखंडाची संयुगं. म्हणूनच तांबूस गढूळपणा. मग सल्फेटची पाळी. सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो कुजक्या अंड्याचा वास. आमचा पूर्वेचा झरा पंगतीच्या भातापर्यंत आलेला होता. अमेरिकेतले अभियंते मळी सोडून मुद्दाम जी अवस्था आणतात, तीच. फरक इतकाच की इथं किती लिटर, किती खोल, कुठल्या नळीतून, आणि पुढच्या नळीत काय दिसलं, हे लिहून ठेवतात. प्रमाण चुकलं तर इथंही लोखंड आणि मँगनीज सुटतं, कधी खडकातलं आर्सेनिकसुद्धा. म्हणून तो निळ्या हातमोज्यांचा पोरगा.

झाडांकडं मी सगळ्यात शेवटी वळले, आणि तेही आण्णांमुळंच.

स्टीव्हन्स क्रीकच्या काठानं एक पायवाट जाते. दूरवर मॉफेट फील्ड या विमानतळाचा तो अजस्र हँगर दिसतो, १९३३ साली फुग्यासारख्या तरंगणाऱ्या हवाई जहाजासाठी बांधलेला. मे महिना होता. काठच्या कॉटनवूडच्या झाडांचा कापूस हवेत उडत होता. "सावरीवाणी," आण्णा म्हणाले आणि एक पान तोडून हातात घेतलं. "पिंपळाच्या कुळातलं दिसतंय." तसं नाही, हे कूळ पॉप्लरचं, विलोच्या जवळचं. पण त्यांनी देठ माझ्या बोटांत दिला. चपटा होता, पट्टीसारखा. "म्हणून हलतंय. वारं नसलं तरी." मग झाडाकडं वर बघत म्हणाले, "ह्याच्या बुडाला पाणी जवळ असणार."

आण्णांचे चुलते पाणाडे होते. हातात नारळ घेऊन चालणारे नव्हेत. झाडं बघून सांगायचे. उंबर असला की खाली पाणी, जांभळाशेजारी वारूळ असलं की पाणी. वराहमिहिरानं सहाव्या शतकात अशीच झाडांची आणि वारुळांची जंत्री लिहून ठेवली आहे. चुलत्यांनी ती वाचलेली असणं शक्य नव्हतं, पण ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. भूजलापर्यंत मूळ घालणारी झाडं ओळखायची, एवढंच ते शास्त्र. पॉप्लर आणि कॉटनवूड त्याच जातीची. उन्हाळ्यात मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी सहज ओढतं.

आणि पाण्याबरोबर पाण्यातलं जे असेल तेही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या संशोधकांनी दक्षिण कॅरोलायनात सव्हाना नदीकाठच्या सायप्रस झाडांच्या खोडातून पेन्सिलीएवढे गाभे काढून कुप्यांत बंद केले आणि तपासले. खालच्या पाण्यातलं टीसीई खोडात सापडलं. कुठल्या झाडात किती, यावरून जमिनीखालचं विष कुठवर पसरलंय याचा अंदाज बांधता आला, बोअर न मारता. हे आण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काका असता तर त्याला कळलं असतं."

झाड नुसतं ओढून थांबत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात नव्वदच्या दशकात मोठ्या बंदिस्त वाफ्यांत पॉप्लर लावून खालून टीसीईचं पाणी दिलं, तर नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त टीसीई नाहीसं झालं, आणि पानांवाटे हवेत गेलेलं नऊ टक्क्यांच्या आत होतं. बाकीचं मोडलं गेलं आणि क्लोरीन मिठासारखं मातीत उतरलं. पण विष प्यायचं म्हणजे झाडालाही त्रास होतो. दूषित जागेवर ती खुरटतात, काही मरतात. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या शॅरन डॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट विचार केला. दूषित जमिनीवर जी पॉप्लर तगली होती, त्यांच्या आत कोण राहतं ते पाहू या. झाडाच्या आत जिवाणू राहतात, रोग न करता, पोटभाडेकऱ्यासारखे. त्यातला एक टीसीई मोडणारा निघाला. ऑक्सिजन असतानाच मोडतो, व्हिनाइल क्लोराइडच्या पायरीची भानगड नाही.

या जिवाणूची मैदानी परीक्षा झाली ती कुठं? मॉफेट फील्डला, माझ्या अपार्टमेंटखालून उत्तरेकडं वाहत जाणाऱ्या त्याच पाण्यावर. काही रोपांना जिवाणू दिला, काहींना नाही. तीन वर्षांनी जिवाणूवाल्या झाडांचं खोड बत्तीस टक्के जास्त जाड भरलं आणि त्यांच्या मुळांशी क्लोराइड पन्नास टक्के जास्त. लागवडीच्या वरच्या अंगाला पाण्यात टीसीई लिटरमागे तीनशे मायक्रोग्रॅम होतं, खालच्या अंगाला पाचाच्या आत. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी तेव्हा तिथून दहा मिनिटांवर बसून कुठल्याशा सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत होते.

तिथं पाणी वरच आहे, काही फुटांवर. खोल असेल तिथं झाडाला फसवावं लागतं. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेत १९९९ मध्ये सुमारे आठशे पॉप्लर आणि विलो लावले. पाणी नऊ मीटर खाली. त्यांनी खोल खड्डे घेऊन काही झाडांच्या भोवती प्लॅस्टिकचं अस्तर बसवलं, म्हणजे पावसाचं वरचं पाणी मुळाला मिळू नये आणि ते खालच्या दूषित थराकडं जावं.

"म्हंजी ताण दिला," आण्णा म्हणाले. डाळिंबाचा बहार धरताना ते चाळीस वर्षं हेच करत आलेत. अर्थात ते ताण देतात फुलासाठी, मुळासाठी नव्हे. पण झाडाला काय देऊ नये हे कळलं पाहिजे, यावर दोन्ही पक्षांचं एकमत.

आता हे वाचून कुणी गावाकडं पॉप्लरची रोपं न्यायला निघू नये. मीही निघाले होते, म्हणून सांगते. पहिली अडचण खडकाची. मॉफेटला वाळू आणि चिकणमातीचे थर आहेत. आमच्याकडं काळा कातळ, आणि त्यात पाणी चालतं भेगांतून. पूर्वेच्या झऱ्याला रंग, दक्षिणेच्या झऱ्याला नाही, दोघांत अंतर बारा हात. असल्या भेगेपर्यंत मुळानं जाणं म्हणजे नशीब. दुसरी अडचण अशी की मळीच्या पाण्याचा तपकिरी रंग ज्या पदार्थाचा असतो, तो जिवाणूंना पचायला फार जड. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्या तो थोडाफार मोडतात, तेही प्रयोगशाळेत, लाडानं. आणि तिसरी, सगळ्यात मोठी. वरून येणं थांबलं नाही तर खाली कितीही तोंडं लावा.

आपल्याकडं झाडं खरी कामाला येतात ती पाणी जमिनीत उतरायच्या आधी. नागपूरच्या नीरी संस्थेचं फायटोरिड हे तंत्र तेच करतं. खडीचे वाफे, त्यात कर्दळ, पाणकणीस, बोरू, आणि त्यांच्या मुळांच्या जाळ्यातून सांडपाणी हळूहळू सरकतं. मुळांवर बसलेले जिवाणू खातात, झाडं नायट्रोजन आणि फॉस्फरस घेतात. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ लावणारी आमची आजी यात नवीन काय म्हणाली असती. पण आजीच्या मोरीत साबण असायचा, स्पेंटवॉश नव्हता. एका पाहुण्यानं आण्णांना जिवाणूंच्या पुडीचं एक पाकीट आणून दिलं होतं, विहिरीत टाका म्हणून. पाकिटावर गाईचं चित्र होतं आणि कुठला जिवाणू ते लिहिलेलं नव्हतं. सहाशे रुपये. आण्णांनी ते उकिरड्यावर ओतलं. म्हणाले, खताला तरी व्हईल.

सहा महिन्यांनी आण्णा आणि आई परत गेले. जाताना बॅगेत चॉकलेट, बदाम आणि काचेच्या झाकणाच्या चार रिकाम्या बरण्या. कशाला ते मी विचारलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये रात्री एक वाजता फोन वाजला. रात्रीचा फोन म्हटलं की आधी छातीत धस्स होतं. आण्णा होते.

"तालुक्याला आलोय. पाणी तपासायला."

"एकटेच?"

"बरणी हाय संगं. मोटार लावून अर्धा तास पाणी सोडलं, मग भरली. गळ्यापतूर. उलटी करून टिचकी मारली. दोनदा बुडबुडा आला, तिसऱ्यांदा न्हाई."

आमच्या पाण्यात बुडबुड्यात पळून जाईल असं काहीच नव्हतं. पण ते मी बोलले नाही.

"हितला साहेब इचारतोय, काय काय तपासायचं. मी म्हणलं सगळं. तर म्हणतोय, सगळं असं काय नसतंय, नावं सांगा. हे कागद दिलाय. तू सांग, मी लिवतो."

मी अंधारात उठून बसले. "लिहा. सीओडी."

"सी… ओ… फुडं?"

"डी. घाण मोडायला किती ऑक्सिजन लागेल ते. मग क्लोराइड. सल्फेट. लोखंड. पोटॅशियम."

पलीकडं पेन थांबलं. "पोटॅश तर खत हाय की."

"हो. स्पेंटवॉशमध्ये भरपूर असतं. झऱ्याच्या पाण्यात एवढं नसतं."

तो आवाज मला ओळखीचा आहे, कागद काउंटरवर सपाट करून पुन्हा लिहायला घेतल्याचा. मग आण्णा फोन बाजूला न घेताच कुणाला तरी म्हणाले, "थांबा की जरा, माझी लेक सांगायलीय." आणि मला, "हं. पोटॅश लिवलं. आन दक्षिणंच्या झऱ्याचीबी बरणी आणलीया, तिलाबी हेच लिवू का निराळं?"

"हेच. पण दोन्ही बरण्यांवर झऱ्याचं नाव घातलंय ना?"

"घातलंय," ते म्हणाले. "तारीखबी."